काळ्या मण्यांची सावली

आमच्या घरातलं माणूस आतून कसं दिसतं हे मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या व्हरांड्यात, लॅपटॉपच्या पडद्यावर. त्या वैनी होत्या, माझ्या थोरल्या भावाची बायको. पांढुरक्या फासळ्या, फासळ्यांच्या मधे काळोख, आणि उजव्या खांद्याच्या अंगाला, अगदी वर, एक लाल डाग. लाल रंग त्यांच्या छातीतला नव्हता. यंत्रानं तो चित्रावर चढवला होता. जिथं काही वेगळं वाटेल तिथं ते असा रंग देतं, असं आम्हाला सकाळीच सांगण्यात आलं होतं.

आता वैनी नाहीत. ते चित्र मात्र आहे. जिल्ह्याच्या कुठल्याशा संगणकात ते अजून ठेवलेलं आहे, हे मला माहीत आहे. त्यांचा एकही चांगला फोटो आमच्याकडे नाही, लग्नातला एक सोडला तर. त्यामुळे हे जरा विचित्र वाटतं.

आमचं गाव तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्याच्या जैनथ मंडळात, पैनगंगेच्या अलीकडे. दादा थोडा कापूस आणि बाकी सगळा भाजीपाला करतो. वैनी पहाटेच्या ऑटोनं आदिलाबादच्या बाजारात जाऊन बसत आणि दुपारी परत येत. मी गावातल्या मराठी शाळेत शिकवतो. लग्न केलं नाही, दादाच्याच घरी राहिलो. दुपारनंतर वैनी अंगणात मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसत आणि मी त्यांना पुस्तकातलं काहीतरी वाचून दाखवी. त्यांना शाळा चौथीपर्यंतची. पण ऐकण्याची भूक मोठी होती, आणि धीर मुळीच नव्हता.

"भाऊजी, ते नदी-झाडं राहू द्या. ते बाई मरते का वाचते, तेवढं सांगा आंधी."

मी सांगत नसे. त्या जुडीचा दोरा दातानं तोडत आणि म्हणत, "मास्तर लोकाइले दुसऱ्याले टांगून ठेवाची लय हौस."

कॅम्पच्या आदल्या वर्षी दादा नेरडीगोंड्याकडून टेम्पोनं येत होता. हायवेवर टेम्पो उलटला. चालवणारा जागीच गेला. दादाला कोपराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण वैनींची काळी पोत, म्हणजे मंगळसूत्र, त्या दिवशी गळ्यात नव्हती. मणी सुटायला लागले म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी ती सोनाराकडे ओवायला दिली होती. बातमी आली तेव्हा त्यांनी पहिला हात गळ्याला लावला, हे मी पाहिलं. त्यानंतर त्यांनी पोत कधी काढली नाही. अंघोळीला नाही, झोपताना नाही. पुन्हा ओवायची वेळ आली तेव्हा सोनाराच्या दुकानात बसून, जुनी गळ्यात ठेवून, तशाच मण्यांची नवी करून घेतली आणि ती घातल्यावर मगच जुनी काढली. मी यावर काही बोललो नाही. आमच्याकडे अशा गोष्टींवर बोलत नाहीत. त्या पाळतात किंवा पाळत नाहीत.

कॅम्प क्षयरोगाचा होता. शाळेच्या व्हरांड्यात मांडला होता म्हणून मी तिथंच होतो. यंत्र मोठ्या कॅमेऱ्याएवढं, हातात धरता येण्यासारखं. समोर एक पाटी, तिला छाती लावून उभं राहायचं. फोटो काढणारा पन्नाशीचा तेलुगू गृहस्थ होता. अर्धं आयुष्य एक्सरे काढण्यात गेलेलं. पूर्वी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवाव्या लागत, त्या काळापासूनचा. फोटो निघाला की क्षणात लॅपटॉपवर येई, आणि त्यावर यंत्राचे रंग. डॉक्टर जागेवर नव्हते. यंत्रानं रंगवलेले फोटो आदिलाबादच्या डॉक्टरकडे जायचे. पण रंग दागिन्याचा किंवा गुंडीचा असेल तर या गृहस्थानं तशी नोंद करून फोटो बाजूला टाकायचा, म्हणजे डॉक्टरचा वेळ वाया जात नसे.

आणि सकाळपासून तो बरोबर ठरत होता. एका म्हाताऱ्याच्या ताईतावर यंत्रानं लाल ठिपका दिला. एकीच्या ब्लाउजच्या हुकावर दिला. तो हसून म्हणे, "मशीन को क्या मालूम, ये तो पहली बार गाँव आया." ताईत काढून पुन्हा फोटो घेतला की डाग नाहीसा. रांगेतल्या लोकांनाही मौज वाटू लागली होती. शहरातून आलेली वस्तू आपल्या गावच्या साध्या गोष्टींना फसते आहे, याचं सुख होतं त्यात.

बायकांची अडचण पोतीची. त्या काढायला कोणी तयार नसे. काहीजणी ती वर ओढून दातात धरत, काहीजणी पाठीवर टाकत. वैनींनी पाठीवर टाकली.

"अम्मा, पीछे डाला तो भी दिखता. ये आरपार देखता," तो म्हणाला.

"दिसू द्या ना. सौभाग्य हाये, चोरी नोहे. लपवाचं काय त्याच्यात?"

मागच्या बायका हसल्या. त्यानं "सांस रोको" म्हटलं, फोटो घेतला, आणि डाग आला. मी मागे उभा होतो. त्यानं चित्र मोठं केलं. मण्यांची ओळ खांद्यावरून तिरकी गेलेली स्पष्ट दिसत होती आणि लाल रंग तिच्याच आसपास होता.

"एमी लेदु," तो म्हणाला. काही नाही. "ये अम्मा का नल्लपूसलु है, काले मणी. निकालो तो दूसरा फोटो निकालता."

"फोटो दुसरा निघन, दादा. नवरा दुसरा निघते का तुमच्या मशीनमंदून?"

व्हरांडाभर हशा झाला. तोही हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रांग लांब होती. त्यानं नोंद केली आणि पुढच्या बाईला बोलावलं. वैनींना थोडा खोकला होता म्हणून त्यांची थुंकी तपासायला नेली. काही दिवसांनी निरोप आला, त्यात काही निघालं नाही. क्षय नव्हताच. त्या दिवशी सगळ्यांनी एवढाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर खरं होतं.

"एमी लेदु" हे शब्द वैनींना आवडले. दादानं आज भाताला काय झालं विचारलं की त्या म्हणत, एमी लेदु. मी शाळेतून तोंड पाडून आलो की म्हणत, एमी लेदु भाऊजी, चहा घ्या.

हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. टोपल्या उचलून दुखतो, असं सगळ्यांनाच वाटलं. तेल झालं, मलम झालं, शेक झाला. मग हाताच्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या. त्यांच्या जुड्या बाजारात प्रसिद्ध होत्या, घट्ट आणि नेटक्या. त्या सैल पडू लागल्या. बाजारातल्या एका गिऱ्हाइकानं तोंडावर म्हटलं की बाई, जुडी मोठी दिसावी म्हणून ढिली बांधता का? त्या दिवशी त्या घरी येऊन जेवल्या नाहीत. मी डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाल्या, "आतून पाह्यलं ना मले कॅम्पमंदी. भायेरून आता काय पाह्यतीन?"

उन्हाळा लागला तेव्हा मी दोन गोष्टी पाहिल्या आणि दोन्ही मला समजल्या नाहीत. पहिली अशी की त्यांना घाम एकाच बाजूला येई. कपाळाचा डावा भाग डवरलेला, उजवा कोरडा. कुंकू एकाच अंगानं ओघळे. दुसरी, उजव्या डोळ्याची पापणी किंचित खाली आली होती. वाचता वाचता मी वर पाहिलं की वाटे, त्या माझ्यावर हसताहेत.

"वैनी, एक डोळा बारीक काऊन करून राह्यल्या?"

"तुमाले डोळा मारून राह्यली. पाहू म्हटलं, एखांद्या बाईनं मारला तर मास्तर लाजते का पयते."

दादा खाटेवरून हसला. मी पुढचं पान वाचायला घेतलं. पण त्या कोरड्या कपाळाकडे माझं लक्ष जात राहिलं. घरात कोणीतरी दार लोटून आत आलं आहे आणि दिसत मात्र नाही, असं काहीसं मला त्या दिवसांत वाटे. मी हे कोणाला बोललो नाही.

शेवटी आवाज बसला तेव्हा त्या आदिलाबादला यायला तयार झाल्या. बाजारात ओरडता येईना म्हणून. तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्याकडे पाहिलं, मानेच्या मुळाशी बोटं दाबली. त्यांनी चिठ्ठीवर सीटी स्कॅन लिहून दिलं.

स्कॅनच्या खोलीबाहेर एक मुलगी बायकांना दागिने काढायला सांगत होती. इथं पाठीवर टाकणं चालणार नव्हतं. वैनींनी पोत मुठीत धरली. मग म्हणाल्या, "याइले बलवा." दादा खाली औषधाच्या दुकानाशी उभा होता. तो वर आला.

"अठी बसा," त्यांनी त्याला भिंतीजवळचं बाकडं दाखवलं. "मी भायेर येईस्तोवर उठू नका. चहाले नाई, पान्याले नाई. रस्त्यावर तं जाऊच नका."

"बाकड्यावर काय होईन मले?"

"काई होत नाई. म्हून तं बसा म्हनलं."

त्यांनी स्वतःच्या हातानं पोत काढली आणि त्याच्या मुठीत दिली. गळ्याभोवती मण्यांचा वळ होता, वर्षांनुवर्षांचा. त्या आत गेल्या. दादा बसला. थोड्या वेळानं एका म्हाताऱ्याला टेकायचं होतं. तो म्हणाला, जरा सरका. दादा म्हणाला, "नाई सरकत." म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला माझी जागा दिली आणि उभा राहिलो. दादाचे गुडघे जुळलेले होते, मूठ मांडीवर होती. तो दाराकडे पाहत होता. इतकं स्थिर बसलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो भ्याला होता. अपघाताच्या दिवशीसुद्धा तो भ्याला नव्हता.

फोटो वाचणाऱ्या डॉक्टर बाई आदिलाबादच्याच होत्या. घरात तेलुगू, पण बाजारातलं मराठी कानावर पडून पडून त्यांना चांगलं येत होतं. त्यांनी आम्हा दोघा भावांना आत बोलावलं. वैनीही उठल्या. डॉक्टर म्हणाल्या, अम्मा, तुम्ही बाहेर बसा.

"माहंच हाये ना आतलं? मंग मलेच भायेर कायले बसवता?"

त्या आत आल्या. पोत पुन्हा गळ्यात होती आणि हात तिच्यावर होता.

पडद्यावर वैनींचे काप होते, पावाचे काप असतात तसे, एकामागून एक सरकणारे. डॉक्टर बाई म्हणाल्या की आधी त्या स्वतः पाहतात, यंत्राच्या खुणा बंद ठेवून. मग खुणा सुरू करतात. "जिथं आमचं दोघांचं जमतं, तिथून मी पुढं जाते. जिथं जमत नाही, तिथं थांबते. तिथं वेळ द्यायचा." इथं मात्र दोघांचं जमलं होतं. उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला एक गाठ होती. ती वर, बाहेर, बरगडीत शिरली होती, आणि हाताच्या नसा तिच्याखाली दबल्या होत्या. डोळ्याची नससुद्धा.

डॉक्टरांनी विचारलं, याआधीचा एखादा फोटो आहे का? मी कॅम्पचं सांगितलं. त्यांनी कुठंतरी फोन लावला, वैनींचं नाव आणि गाव संगणकात टाकलं, आणि व्हरांड्यातलं ते चित्र पुन्हा माझ्यासमोर आलं. खाली नोंद होती: दागिन्याची सावली.

त्यांनी यंत्राचा लाल रंग काढून टाकला. मग चित्र मोठं केलं आणि पेनाच्या टोकानं मण्यांची ओळ दाखवली. मणी वेगवेगळे दिसत होते, प्रत्येकाला कड होती. "हे मणी," त्या म्हणाल्या. मग पेन थोडं वर सरकलं. तिथं, हाडाच्या आड, एक धुरकट फिकेपणा होता. त्याला कड नव्हती. "हे मण्यांचं नाही."

वैनी पडद्याकडे वाकल्या.

"म्हंजे मशीन खरं बोलून राह्यली होती," वैनी म्हणाल्या. आवाज बसल्यामुळे ते कुजबुजल्यासारखं वाटलं.

"मशीन एवढंच म्हणत होती की इथं पाहा. काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. पाहायचं माणसानं."

"त्यानं पाह्यलं ना पन. चांगलं मोठ्ठं करून पाह्यलं." त्या थांबल्या. "त्याले पोतच दिसली. मी बी म्हनलं, दिसू द्या." मग त्यांनी जुड्या बांधताना विचारत तसं विचारलं, "डॉक्टरीन बाई, शेवट सांगून टाका. हे भाऊजी सांगत नसतेत."

डॉक्टर बाईंनी शेवट सांगितला नाही. नागपूरला जा, म्हणाल्या, लवकर जा. पण चष्मा काढून त्यांनी पुसला, आणि वैनी इतकी वर्षं बाजारात बसलेल्या होत्या. समोरच्याचं तोंड त्यांना वाचता येई.

उठताना डॉक्टर बाईंनी मला मागे ठेवून घेतलं. "सर, त्या दिवशी कॅम्पात किती बायकांच्या गळ्यात अशी पोत होती?"

"सगळ्याच बायकांच्या," मी म्हणालो.

त्यांनी पडद्यावरच्या त्या नोंदीकडे पाहिलं. मग दार लोटून घेतलं, आणि परत फोन उचलला.

नागपूरचं मी फारसं लिहीत नाही. तिथं वैनींवर किरणोपचार झाले, त्यानं खांद्याची आग कमी झाली, दुसरं काही झालं नाही. कॅम्पाच्या वेळीच कळतं तर काय झालं असतं, हे दादानं तिथल्या डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, पण वेळ मिळाला असता. दादानं पुन्हा कोणाला विचारलं नाही. पावसाळा उलटता उलटता वैनी घरीच गेल्या, दिवसाउजेडी, अंगणाच्या बाजूला तोंड करून. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांना एकच गोष्ट वाचून दाखवत होतो आणि शेवट मी पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता.

त्या फोटो काढणाऱ्या गृहस्थाचा मला राग यायला हवा, असं गावातल्या काही लोकांना वाटतं. तो माझ्या मनात येतो तो हसणारा, डोळे पुसणारा. त्याला आमच्या बायकांचे मणी माहीत होते, यंत्राला माहीत नव्हते. त्या सकाळी तो एकटाच सगळं जाणत होता. म्हणून पुढच्या बाईला त्यानं इतक्या सहज बोलावलं.

डॉक्टर बाईंनी मात्र ती दोन शब्दांची नोंद सोडली नाही. आमच्या मंडळातले, दागिन्याची सावली म्हणून बाजूला टाकलेले सगळे फोटो त्यांनी मागवून घेतले. रोजचं काम संपलं की त्या ते उघडतात. आधी स्वतः पाहतात, मग यंत्राचा रंग चढवतात. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, वैनींचं दिवसकार्य झाल्यावर मी कागद आणायला गेलो तेव्हा. बहुतेकींचं काही नाही, म्हणाल्या. मणीच आहेत. पण सगळ्या अजून पाहून झाल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात, शाळा सुटायच्या सुमाराला, त्यांचा फोन आला. आमच्या गल्लीतल्या एकीचं नाव त्यांनी घेतलं. उद्या सकाळी तिला घेऊन या. काय आहे ते आताच सांगता येणार नाही. गळ्यातलं काढावं लागेल, हे आधी समजावून सांगा.

ही बाई वैनींच्या मैत्रिणींपैकी, त्यांच्यासोबत ऑटोनं बाजारात जाणारी. कॅम्पात रांगेत ती वैनींच्या मागेच होती, आणि "नवरा दुसरा निघते का" या वैनींच्या वाक्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसली होती. मी तिच्या दारात गेलो तेव्हा ती पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्यांची मोळी चुलीपाशी रचत होती. मला आलेलं पाहून तिनं पदर सावरला. तिचा नवरा आतून आला.

मी सांगितलं. हळूहळू, वर्गात सांगतो तसं. ती ऐकत होती आणि हातातली काडी मोडत होती.

"मले तं काईच होत नाई, सर. खोकला बी नाई."

"माहीत आहे."

"पोतीचीच सावली असन ना? सगळ्याइची तेच तं होती."

नवरा माझ्याकडे पाहत होता. त्याला हो म्हणून ऐकायचं होतं, आणि तेवढं म्हणणं सोपं होतं.

"पाहून येऊ," मी म्हणालो. "उद्या पहाटेच्या ऑटोनं. तुम्हीही चला सोबत."